खोटा बेल

ते झाड बेलाचं नाही हे कळलं, तेव्हा भर सकाळी मला घाम फुटला. नऊ वर्षं त्याचीच पानं मी महादेवाला वाहत होते! यजमानांनी मुरुम गावच्या बाजारातून रोप आणून देवळाबाहेरच्या उघड्या पिंडीशेजारी लावलेलं. ते गेल्यावर मी जिवापाड जपलं. पानं तीन-तीनच, बेलासारखी. काटे नाहीत, फळ धरत नाही, हे काय मला दिसत नव्हतं? पण माया आंधळी. शेवटी नव्या गुरवांनी पान चुरगळून वास घेतला. म्हणाले, "अक्का, ह्ये बेल न्हाय. लई फसलात तुमी."

पंचांनी ठरवलं, चैत्रात ते तोडायचं आणि खरा बेल लावायचा. लाजेनं मीही हो म्हटलं. मग झाडाला कुणी हात लावेना. मी पिंडीवर नुसतं पाणी घालायचे आणि देवाशी भांडायचे, की माझी एवढी पूजा गेली कुठं? ह्यांची एवढी एकच खूण, तीही खोटी?

तोडायच्या दिवशी गेले, तर काय! अख्खं झाड फुललं होतं! पांढरी-पिवळट फुलं, त्यांतून मांजराच्या मिशांसारखे जांभळट केसर, फुलपाखरांची ही झुंबड! कुऱ्हाडवालाही बघतच उभा. तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेले एक अनोळखी म्हातारे धनगर थांबले.

"वायवर्ण हाय ह्यो, माय! पयले वढ्याकाठी लई असायचा, आता हुडकून घावत न्हाय. आजवर फुलला न्हवता व्हय?"

"न्हाय हो बाबा, कधीच."

"मग कवळा पाला खुडत असाल. त्येचं फूल शेंड्यालाच येतंय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आकडीनं फांद्या ओढून कोवळी, बिनडागाची पानं खुडणारी मीच की! माझं बघून सगळी गल्ली खुडायची. आमच्या भक्तीनंच त्याला नऊ वर्षं फुलू दिलं नव्हतं.

गुरवांनी कुऱ्हाडवाल्याला परत पाठवलं. बाबांना चहा विचारावा म्हणून वळले, तर ते मेंढरांसकट पुढं निघून गेलेले. ते कोण, कुठले, मी खोलात शिरत नाही.

त्या दिवशी पूजेला माझ्याकडं काहीच नव्हतं. रिकाम्या हातानं पिंडीसमोर बसले. वारा सुटला आणि फुलं आपसूक पिंडीवर पडू लागली. मी एकही वाहिलं नाही. महादेवा, देण्याची घाई सगळी माझीच होती. तू किती निवांत घेतोस, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा बघायला मिळालं.