पाडायचा खटका, पिळायचा दांडा

माझ्या थोरल्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, घराखालच्याच खोलीत. दादा चाकं काढायचा, बसवायचा, ब्रेक बघायचा. वहिनी शेजारी स्टुलावर बसून चाकांच्या तारा ओढायची. लग्नानंतर चार दिवस मदतीला म्हणून ती दुकानात उतरली, ती कायमचीच. दोघं तशी गुण्यागोविंदानं राहायची. खटका उडालाच तर तो खटक्यावरून.

खटका म्हणजे क्विक रिलीज. चाकाच्या पोकळ आसातून एक बारीक सळई जाते. तिच्या एका टोकाला नट, दुसऱ्याला छोटीशी मूठ. नट बेतानं आवळायचा आणि मूठ तळहातानं दाबून पाडायची, की चाक पक्कं. मूठ उचलून नट थोडा सैल केला की चाक हातात. दादाचा या खटक्यावर भारी जीव. पुढे नव्या सायकलींना थ्रू-ॲक्सल यायला लागले तेव्हा त्यानं नाक मुरडलं. त्यात चाक धरणाऱ्या चिमट्याला उघड्या खाचा नसतात, बंद भोकं असतात. करंगळीएवढा जाड दांडा एका बाजूनं आत सारायचा आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांत पिळत न्यायचा. चाक काढायचं तर अख्खा दांडा बाहेर.

"चाक बसवतोय की बोअर मारतोय?" दादा कुरकुरायचा.

"मारा की बोअर," वहिनी म्हणायची. "दांडा जरा सैल राहिला तरी चाक लगेच गळून पडत नाही. तुमच्या खटक्याचं सगळं लावणाऱ्याच्या हातावर."

"मग हात कुणाचा आहे ते बघ ना!"

आणि हात खरंच तसा होता. एखादं नवखं गिऱ्हाईक खटक्याची मूठ गरागरा फिरवून तशीच उभी सोडायला लागलं की दादा खेकसायचा, "अहो, नळ आहे का तो? पाडा! तळहातावर वळ उठला पाहिजे."

आमच्या गल्लीतल्या नर्सबाई सायकलनं हॉस्पिटलात जायच्या. एकदा दादाकडून पंक्चर काढून त्यांनी सायकल नेली आणि उतारावरच्या गतिरोधकावर पुढचं चाक निखळलं. सायकल जुनी, चाक अडवायला चिमट्याला उंचवटेही नव्हते. बाई तोंडावर आपटल्या. खांद्याचं हाड मोडलं, दोन दात गेले.

"मी पाडलेला खटका सुटत नाही," दादा म्हणाला. "कुणीतरी खोडसाळपणा केला असणार." वहिनीनं ते मानलं, मीही मानलं.

हात गळ्यात बांधलेला असतानाच नर्सबाई एक दिवस दुकानात आल्या. वहिनी धसकून उठली.

"भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. मग चाक काढून ठेवलेल्या एका खटक्याच्या सायकलकडे बोट करून दादाकडे वळल्या. "काका, तेवढं चाक लावून दाखवता?"

"एवढंच ना?" दादा हसला. त्यानं चाक खाचेत बसवलं, मधोमध आणलं, मूठ धरली आणि फिरवायला लागला. गरागरा, अडेपर्यंत. मग ती तशीच बाहेर उभी ठेवून हात पुसले. "घ्या. हलवून बघा."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो," ती हळूच म्हणाली, "पाडायचं राहिलं."

"काय पाडायचं?" तो म्हणाला. थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

"कधीपासून विसरतायत?" नर्सबाईंनी विचारलं.

"मला वाटायचं, थकलेत," वहिनी म्हणाली. तिनं मूठ थोडी सैल केली आणि स्वतः पाडली.

पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला तिथंच कळून चुकलं होतं. हे वाढतच जाणार होतं.

तरी तिनं त्याला काम सोडायला लावलं नाही. फक्त थ्रू-ॲक्सलच्या सायकली त्याच्यापुढे ठेवायला लागली. त्याचा हात पिळायलाच जातो, तर पिळू दे. तो हात धुवायला गेला की ती पाना घेऊन प्रत्येक दांडा गुपचूप पुन्हा आवळायची. काही महिने असे निभावले. मग एका दुपारी काढलेला दांडा हातात धरून तो नुसताच बघत राहिला. तारांमधून घालून पाहिला, हँडलच्या नळीत घालून पाहिला. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "हे कशाचं आहे गं?"

वहिनीनं दांडा त्याच्या हातातून काढून घेतला. "आपलं नाहीच ते. चुकून आलंय."

त्यानंतर दुकान तिनंच चालवलं. दादा कोपऱ्यात बसून असायचा. मागच्या खेपेला मी माहेरी गेले तेव्हा ती एक चाक बसवत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"बाई, तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "लग्न झालंय?"

"झालंय."

"मिस्टर काय करतात?"

"सायकली दुरुस्त करतात."

"अरे वा! कुठं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाहेरगावी असतात," ती म्हणाली.

तो हळहळला. "एकटीनं दुकान ओढणं सोपं नाही," असं म्हणत मदतीला उठला, पण सुरुवात कुठून करायची ते न कळून खोलीच्या मधोमध उभा राहिला. वहिनीनं त्याला हाताला धरून बसवलं, मांडीवर चाक दिलं, हातात फडकं दिलं. तो मान खाली घालून चाकाची कड पुसत राहिला.