दिल्लीच्या उस्तादांचा पठ्ठ्या

आयुष्यात मी कुस्तीचा एकच सामना खेळलो, आणि तोही बी.ए. होण्यासाठी.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य. मी हैदराबादच्या सरकारी विद्यापीठात शिकत होतो. तिथे गणितापासून इतिहासापर्यंत सगळं उर्दूतून, आणि माझा खास विषय फारसी. माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती आबांची, म्हणजे वडिलांची. ते मोमिनाबादच्या (म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या) तहसिलीत पेशकार. त्यांच्या साहेबांचा भाचा पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात शिकत होता. तिथे म्हणे भल्याभल्यांना दारातून परत पाठवत.

"मग आपलं पोरगं कावून न्हाई?" आबा म्हणाले आणि विषय संपला. हैदराबादेतून माझं नाव काढलं. आमच्या घाटनांदूरला गावजेवण झालं, लोकांनी मला हार घातले. आता पुण्याने नाही म्हटलं तर मला हैदराबादही नाही आणि गावात तोंड दाखवायची सोयही नाही!

लातूरहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीने पुणे. वाटेत आबांनी बजावलं, "तू गप बस. पुण्याची मान्सं शब्दात पकडत्यात. मी बोलतो." (शब्दात कोण सापडलं ते कळेलच.)

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या मुलखात सरकारी भाषेत शिक्षणाला 'तालीम' म्हणत आणि मास्तरांना 'उस्ताद'. आबांची हयात कचेरीत गेलेली, त्यांच्या तोंडी हेच शब्द. कुस्ती व्हायची ती आखाड्यात. पुण्यात तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि जोरबैठका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रिन्सिपॉलसाहेब मान वर न करता म्हणाले, "जागा भरल्या आहेत. मुलात काही विशेष?"

"तालीम लई झालीय साहेब. लहानपनापासून दुसरं कायबी केलं न्हाई."

साहेबांनी मान वर केली. माझ्या खांद्यांकडे बघितलं. खांदे कुठे आहेत ते शोधायला त्यांना जरा वेळ लागला. "दिसत तर नाही."

आबांना राग आला. "तालीम काय आंगावर दिसती का? ती डोस्क्यात असती."

"हे मात्र खरं बोललात," साहेब सावरून बसले. "अंगापेक्षा डोकं चालवणाराच जिंकतो. शिकवलं कुणी?"

"मोठमोठे उस्ताद हायेत. एक तर खास दिल्लीहून आनलेला."

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. "दिल्लीचा उस्ताद! आणि याची पाठ कधी टेकली?"

"पाठ टेकायला सवड कुठं हाय साहेब? इम्तिहान आलं की रातरातभर बसून राहायचा. त्याची पाठ टेकलेली मी तरी बघितली न्हाई."

साहेब उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. (शेजारचं कॉलेज दरवर्षी कुस्तीत या कॉलेजला लोळवत होतं, हे मला पुढे कळलं.) "जागा नव्हती," ते म्हणाले, "पण तुमच्यासाठी करू." आबांचे डोळे भरून आले. माझेही आले. विद्येची अशी कदर हैदराबादेत कुणी केली नव्हती.

आबा गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी शिपायाने मला एक लंगोट आणून दिला. मला वाटलं, पुण्यात गणवेश असाच असेल. मग कॉलेजात कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांनी मला काट्यावर उभं केलं आणि काटा बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवला. मी समजावू लागलो, "माझी तालीम फारसीत झाली आहे." ते खूश होऊन म्हणाले, "इराणी डाव? झाकून ठेवा. सामन्यात काढा."

सामन्यात मी काही काढायच्या आत समोरच्याने मला काढलं. तो सलामी देऊन पुढे सरकला आणि मी आभाळ बघत होतो. अख्खं कॉलेज माझ्या इराणी डावाची वाट बघत राहिलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. मी रडत रडत तालीम आणि उस्ताद या दोन्ही शब्दांचा उलगडा केला. माझं नाव कापलं जाणार याची मला खात्री होती. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं.

"नाव राहील," ते म्हणाले. "पण तुमच्या वडिलांनी कबूल केलेली तालीम चुकवायची नाही. त्यांची आणि आमची, दोन्ही."

दिवाळीला मी लंगडत घाटनांदूरला पोचलो. ओसरीवर निम्मं गाव जमलेलं. आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बोल. पुण्याची तालीम कशी चाललीय?"

"जोरात आहे, आबा," मी म्हणालो. "रोज पाठ टेकते."

आबांचा चेहरा उतरला. गावाकडे पाठ करून ते मला हळूच म्हणाले, "गधड्या, झोपा काढायलाच गेलतास, तर हैदराबाद काय वाईट होतं?"