राबाचं शेण आणि माझा गॅस

दहावीला दोनदा आपटलेला माणूस पुढे तज्ज्ञ होऊ शकतो, याचा पुरावा मी. १९९४ साली गोबरगॅस बांधण्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन धसईजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा खिशात प्रमाणपत्र होतं आणि चालीत ऐट. जेवणानंतरच्या तासांना मी डुलक्या काढल्या, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पहिला गॅस आमच्याच परसात बांधला. खड्डा, विटांचा घुमट, चुलीपर्यंत नळी. शेणकाला भरून तीन आठवडे झाले आणि मी अख्ख्या आळीला चहाला बोलावलं. काडी ओढून शेगडीला लावली. फुस्स! अर्धी पेटी संपली, ज्योत काही येईना. सुरुवातीला साठलेला गॅस पेटत नाही, तो हवेत सोडून द्यायचा असतो, हे बहुधा माझ्या डुलकीच्या वेळी शिकवलं असावं. आईने मुकाट्याने मागच्या दारी तीन दगडांवर आधण ठेवलं. चहा आला, तसा मी विज्ञानावरचं भाषण न थांबवता पहिला कप उचलला.

"राघो, तुझ्या गॅसाच्या चहाला धुराचा वास येतो रे," शेजारची भागीरथीकाकी म्हणाली. आळी खो खो हसली.

काकी दोन मुली वाढवत एकटीने भातशेती ओढायची. अक्षर ओळखायची नाही. त्यामुळे मी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही.

चार दिवसांनी ज्योत पेटली आणि मी सुटलो. चार वर्षांत अकरा घरी गॅस बांधले. ते एकेक करून बंद पडत गेले आणि मी प्रत्येक वेळी तेच निदान केलं, लोक अडाणी आहेत. मग आमच्याच घरचा बंद पडला. आईने शेण घालणं सोडलं होतं.

"सगला शेन तुझ्या खड्ड्यात, मंग राब कशानं भाजू? तुझ्या सर्टिफिकिटानं?"

भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून पावसाआधी भाजायचं, तो राब. त्याच राबाच्या भातावर मी जन्मभर पोसलो होतो, पण शेणाचा हिशेब करताना तो मला एकदाही आठवला नव्हता.

त्या आठवड्यात काकी आली. "गॅसातून शेन बाहेर पडतो, त्याचा जोर जातो का ऱ्हातो?"

"त्यात नत्राचं प्रमाण..."

"नत्र ऱ्हाऊ दे. रोप येतो का?"

"माहीत नाय," मी म्हणालो. तज्ज्ञ झाल्यापासूनचं ते माझं पहिलं बरोबर उत्तर.

आमच्या खड्ड्यातली मळी, म्हणजे गॅस देऊन उरलेलं शेण, तिने पाट्या भरून नेली. निम्म्या जागेवर नेहमीचा राब भाजला, निम्मी न भाजता नुसती मळी टाकली. मळीवर रोप चांगलं आलं, पण तण त्याहून चांगलं. ती चार दिवस वाकून तण उपटत होती. पुढच्या वर्षी तिने तणाचं बी जळावं म्हणून फक्त पाला भाजला आणि वर मळी पसरली. रोप दाट, हिरवंगार उठलं.

"आता माझ्याकडं बांध. पन बारका."

"काकी, तीन जनावरं म्हणजे तक्त्याप्रमाणे..."

"जनावरं दिसभर रानात. तिथला शेन कोन आनून घालील, तू? गोठ्यात ऱ्हातो तेवढाच धर."

मी अकराही ठिकाणी शेपट्या मोजून गॅस बांधले होते.

तिचा बारका गॅस चालला. भात-आमटी त्यावर, भाकरी चुलीवर. वैशाखात विहीर तळाला गेली, शेण कालवायला पाणी उरलं नाही, की ती तो खुशाल बंद ठेवायची आणि पावसाळ्यात पुन्हा भरायची. मला हे कमीपणाचं वाटे, तिला नाही. पुढे तिनेच मला गॅस बंद पडलेल्या घरी परत नेलं. ती बायांशी गोठ्यात बोलायची आणि मी अंगणात थापी घेऊन उभा. "ह्यांचा निम्मा बांध," असा हुकूम आला की कामाला लागायचो. पाच गॅस पुन्हा सुरू झाले. बाकीच्यांनी मुरबाडहून सिलिंडर आणले होते. त्यांना समजवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

२००९ साली काकीचे गुडघे गेले, मुली सासरी होत्या, तिने जनावरं विकली. खड्डा बुजवायला तिने मलाच बोलावलं. घुमट फोडून मी माती लोटली. काकी काठावर उभी होती.

"दहा वर्सं डोल्यात धूर कमी गेला रे," ती म्हणाली. "ह्यो एक तुला जमला."

मी फावडं धुवायला विहिरीकडे गेलो.