लमाईमावशीची काळी काच

थायलंडमधल्या बांग लेन गावच्या कालव्याकाठच्या ऑर्किडच्या बागांत फवारणीचं जे पितळी नोझल दिसेल, त्याला भोक आमच्या लमाईमावशीने पाडलेलं असतं. सव्वीस वर्षं ती हेच करतेय. कुणी विचारलं की सांगते, “आत पाण्याला गरगर फिरवायचं. बाहेर पडताना त्याचा पातळ पदर होतो. पदर फाटून दोरे, दोरे तुटून मणी. मणी बारीक हवेत, पण वारा उचलून नेईल इतके नकोत.” शिक्षण चौथीपर्यंत. मला तिचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही.

गेल्या थंडीत ऑर्किडवाल्या विचियनने बोभाटा केला. होडीतून जाता-येता प्रत्येक धक्क्यावर ओरडायचा, “लमाईच्या नोझलने माझी रोपं कुजवली! म्हातारीचा हात गेला आता!” थेंब जाड पडले की शेंड्यात पाणी साचतं नि रोप कुजतं, हे खरंच आहे. मावशी दोन दिवस धड जेवली नाही. मग मला म्हणाली, “होडी काढ. माझं चुकलं असेल तर आजपासून ड्रिलला हात लावणार नाही.”

तिने दिव्यावर काजळी धरलेली काच बरोबर घेतली. विचियनने फवारा सोडला, तिने काच क्षणभर समोर धरली. काजळीत थेंबांचे ठसे उठले. एका बाजूला तिळाएवढे, दुसऱ्या बाजूला वाटाण्याएवढे.

“बघा!” विचियन म्हणाला.

मावशीने नोझल काढून डोळ्याला भिंग लावलं.

“भोक कशाने साफ करतोस?”

“तुम्ही सांगितलंत तसंच, नारळाच्या हिराने.”

“हीर कुठला!” त्याची बायको बुप्पा ओसरीवरून हसली. “गिटारची तार! म्हणून तर घरात शांतता आहे.”

भोकाच्या कडेला केसाएवढा ओरखडा होता. पदर तिथेच वेडावाकडा फाटत होता. मावशीने पिशवीतलं नवं नोझल बसवलं, दुसरी काच धरली. सगळीकडे सारखी खसखस.

विचियनने हात जोडले. “चुकलो, ताई.”

“माझ्या कानात नको सांगूस. जिथे जिथे ओरडलास, तिथे जाऊन ओरड.”

त्याची होडी पुढे, आमची मागे. “तार माझी होती! लमाईताईचा हात पक्का आहे!” धक्क्याधक्क्यावर बायका हसायला बाहेर आल्या. मावशी काच मांडीवर घेऊन ताठ बसली होती. इतक्या आनंदाने मी कधी वल्हं मारलं नव्हतं.

घरी येताच ती म्हणाली, “भात वाढ. भरपूर वाढ.”