चांगल्या घरचं जर्नल

आमची आणि पाटील सरांची भिंत एक. तिकडे फोडणी पडली की शिंक मला येते. त्यामुळे किस्से मला मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते कपड्यांसोबत गच्चीवर वाळत पडलेले असतात!

सर जळगावच्या एका कॉलेजात शिकवतात. त्यांचं प्रमोशन अडलेलं. संशोधनाचा पेपर छापून यायला हवा, तोही सरकारच्या यादीतल्या जर्नलमध्ये. बाहेर कुठे छापला तर रद्दी.

यावलहून त्यांचे वडील, आबा, केळी घेऊन आले. म्हणाले, "मंग ते जर्नल वाचतं कोन?"

"आबा, ते वाचायचं नसतं. यादीत असावं लागतं."

आबांनी केळ सोललं. "आपल्या गावचं वाचनालय बरं. तिथं बी कोनी वाचत नाही, पन पंखा तं आहे."

*

धुळ्याला आंतरराष्ट्रीय परिषद होती. सर पेपर वाचणार, आणि हॉल रिकामा दिसू नये म्हणून त्यांच्या बायकोला, मंदाला, आणि मला नेलं.

आंतरराष्ट्रीय कशी? तर आयोजकांची मुलगी दुबईहून व्हिडिओ कॉलवर आली. "पप्पा, आवाज येतोय का?" एवढं बोलली आणि नेट गेलं.

शेवभाजी मात्र झणझणीत! शिवाय सर्टिफिकेट. मी नववी शिकलेली. फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. त्या दिवसापासून ह्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागतो.

*

एकदा सरांना मेल आला. 'पेपर स्वीकारला, अभिनंदन!' सरांनी पेपर अजून पाठवलाच नव्हता.

"जर्नलचं यादीत नाव आहे, अक्का!" सर हुरळलेले.

आता, गल्लीतल्या स्थळांची चौकशी माझ्याकडे असते. मुलगी न बघता होकार देणारं घर मी तरी कधी सरळ निघालेलं पाहिलं नाही. जर्नलचा पत्ता नाशिकचा. भाऊ तिथेच राहतो. म्हटलं, जरा बघून ये.

पत्त्यावर फ्लेक्सचं दुकान! मालक म्हणाला, "जर्नल पण काढतो, पण आज वाढदिवसाचे बॅनर आहेत. जळगावचे का? तिथले एक मोठे साहेब आपल्या जर्नलचं जुनं गिऱ्हाईक."

सरांनी पेपर दुसरीकडे पाठवला.

*

त्या दुसऱ्या जर्नलनं सरांना वर्षभर झुलवलं. शेवटी छापलं. पेढे वाटून झाले, आणि सरकारनं यादीच बंद केली! म्हणे, चांगलं-वाईट आता कॉलेजनंच ठरवा. प्रमोशन पुन्हा लटकलं. मंदानं पेढ्यांचा रिकामा बॉक्स कितीतरी दिवस फेकला नाही.

कॉलेजात जर्नल तपासायचं कसं, कुणालाच ठाऊक नाही. एका संध्याकाळी प्राचार्य माझ्या दारात. त्यांच्या पुतणीचं स्थळ मीच बघितलेलं.

"अक्का, पाटलांचं जर्नल कसंय?"

"घर चांगलं आहे. पुण्यातला भाचा जाऊन आलाय. ऑफिस आहे, माणसं आहेत. आणि लगेच हो म्हणत नाहीत. आमच्या सरांना दोनदा परत पाठवलं."

प्राचार्यांनी चहा घेता घेता ते इंग्रजीत लिहून घेतलं. पुढे त्यावरच सरांचं प्रमोशन झालं!

पण त्या संध्याकाळी निघताना, चपला घालता घालता प्राचार्य थांबले. आवाज खाली आणला.

"ते नाशिकचं फ्लेक्सचं दुकान... कुणाला बोलला नाहीत ना?"

"छे हो, सर! गल्लीबाहेर एक शब्द गेला नाही."

त्यांनी चपला काढल्या.

"अजून अर्धा कप चालेल," म्हणाले.