उलटी फेरी

नकाशा मी काढला होता, तेव्हा चूकही माझीच. गणित शिकवून शिकवून मला एक खोड लागली आहे. कुठलीही गोष्ट आधी कागदावर सुटली पाहिजे, मग जगात. सायकलची ती फेरीसुद्धा मी आधी आलेखाच्या कागदावर सोडवली. अंबाजोगाईहून पहाटे निघायचं, घाटनांदूर करून परळीला खाली उतरायचं, सिरसाळ्यावरून तेलगाव गाठायचं आणि तिथून धारूरचा घाट चढून, आडसवरून संध्याकाळी घरी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात. मोबाइलवर चढउतार बघून मी ते कागदावर उतरवले आणि धारूरच्या घाटाची रेघ तांबड्या पेन्सिलीने गिरवली. सगळी मजा त्या रेघेत होती.

बरोबर येणार होता माझा शाळेपासूनचा मित्र. तो नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर. पहाटे काळ्या सायकलच्या कॅरिअरला लांब लोखंडी चावी बांधून गल्लोगल्ली फिरायचा आणि एकेका भागाचा व्हॉल्व्ह सोडायचा. त्याच्या तोंडी तो ‘वॉल’. मी पंचेचाळिशीत साखर वाढली म्हणून गिअरची सायकल आणि हेल्मेट घेतलं. तो जन्मभर सायकलवरच होता, पण त्याला कोणी सायकलपटू म्हटलं नाही. माझ्या आग्रहाने त्यानेही एक जुनी गिअरची सायकल घेतली आणि ती चपलेवरच चालवायला लागला.

एकदा पहाटे मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मला वाटलं, चावी लावायची आणि गरगर फिरवायची. त्याने माझा हात धरला. “हळू बे. वॉल एकदम खोलला की लाईन फुटती. आट्याआट्यानं सोडायचा.” दोन आटे, मग थांबायचं, पाण्याचा आवाज ऐकायचा, मग पुढचे दोन. मला तेवढाही धीर निघेना.

नकाशा घेऊन मी त्याच्या ओट्यावर गेलो, तेव्हा त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

“ही उलटी फेरी झाली बे. देवाला आशी घालतेत का? आशी फेरी कवा घालतेत, म्हाईत हाय ना?”

माहीत होतं. खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती घालतात तशी. मी म्हणालो, “मास्तरला पोथ्या शिकवू नकोस.”

“मग सुलटी जाऊ की. धारूरचा घाट उतरू, आन् परळीकडून चढू. तो चढ जरा आंगाला बरा हाय.”

“घाट उतरून घाट केला म्हणतात का? उतारावर पोतंसुद्धा गडगडत जातं,” मी म्हणालो आणि स्वतःच हसलो. त्याने मी दिलेली नकाशाची प्रत घडी घालून खिशात ठेवली. मी समजलो, पटलं.

आमच्याकडे अशा फेरीला मुहूर्त थोडा असतो. पावसाळ्यात घाटात दरडी, आणि एकदा का साखर कारखाने पेटले की तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर त्या अरुंद घाटात समोर आला तर सायकलवाल्याने जायचं कुठे? म्हणजे दसरा झाल्यावर आणि बॉयलर पेटायच्या आधी, मधले मोजके रविवार. पहिल्या वर्षी मी त्यातला एक ठरवला आणि सरावाला म्हणून त्याला गावाबाहेरच्या चढावर घेऊन गेलो.

तो अर्ध्यातच उतरला. वर पोचून मागे बघितलं, तर साहेब पुलाच्या कठड्यावर बसून चपलेचा अंगठा नीट करतायत. चांगला पाच मिनिटं अंगठाच नीट करत होता. मी वरून ओरडलो, “लई सुस्त झालास बे! आधी ती तंबाखू सोड!”

त्याने तंबाखू सोडली. पुढच्या रविवारी मात्र तो त्याच पुलावर बसला. मी निकाल दिला: यंदा नाही, तयारी कच्ची आहे, पुढच्या वर्षी बघू. शाळेत पोरांना नापास करताना वापरतो, तोच आवाज मी त्याच्याशी वापरला. वर सरावाचं वेळापत्रक करून दिलं. आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

दुसऱ्या वर्षी सरावाला त्याची टाळाटाळ सुरू झाली. त्याच्या घरी गेलो, तर वहिनी चहा ठेवताना हळूच म्हणाल्या, “भावजी, ह्यांचे पाय सुजतेत. रातच्याला आडवं पडवत न्हाई.”

मी म्हणालो, “दिवसभर उभं राहून काम, पाय सुजणारच. सायकल चालवू दे, उतरतील.”

डॉक्टर नव्हतो, विचारलेलं नव्हतं, तरी उत्तर तयार. आमच्या जातीच्या, म्हणजे मास्तरांच्या, जिभेला हाड नसतंच.

त्या वर्षीचेही रविवार गेले. कारखाने पेटले. एका पहाटे तो व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी चावी लावून वाकला आणि तिथेच खाली बसला. निम्मे आटे झाले होते. त्या दिवशी त्या भागात करंगळीएवढी धार आली आणि पाणी का नाही म्हणून लोक त्यालाच फोन करत होते. तो फोन रुग्णवाहिकेत वहिनींच्या हातात वाजत होता.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला असणार, हृदयाची झडप तेव्हापासूनच खराब. त्यांनी विचारलं, “दम किती दिवसांपासून लागतोय?” वहिनी म्हणाल्या, “दोन वर्षं झाली.” मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, तरी मान खाली गेली.

ऑपरेशन झालं. धातूची झडप बसली, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची झाली. यायला उशीर केलात, हृदय फुगलंय, डॉक्टर म्हणाले. चढ नाही, ओझं नाही आणि सायकल तर नाहीच. पडून डोक्याला लागलं तर रक्त थांबायचं नाही. शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, “सगळ्या गावाचे वॉल सोडले, आन् माजाच वॉल गळका निघाला बे.” मी बाहेर जाऊन रडलो.

आता तो कार्यालयात खुर्चीवर बसतो आणि पाणी न आल्याच्या तक्रारी वहीत लिहून घेतो. चावी दुसऱ्या कोणाकडे गेली.

यंदा दसऱ्यानंतर त्याच्याकडे गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता. गिअरची सायकल भिंतीशी, चाकांत हवा नाही.

“आवंदा जाणार का फेरीला?” त्याने विचारलं.

“नाही.”

तो उठून आत गेला आणि घडी घातलेला कागद घेऊन आला. मीच दिलेली नकाशाची प्रत होती. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने तीच फेरी सुलटी काढली होती. धारूरचा घाट उताराने. आणि वाटेवर ठिपके.

“हे काय?”

“थांबे. सतरा हायत.”

आडसचा पार. धारूरच्या अलीकडचा पूल. घाटात एक देऊळ. परळीकडच्या चढावर तर सात. प्रत्येक ठिपक्याशी मिनिटं लिहिलेली, कुठे आठ, कुठे बारा, आणि सावली असेल तिथे ‘सावली’.

“कधी केलंस?”

“पयल्याच साली. दोन डाव येष्टीनं जाऊन बघून आलतो, खिडकीत बसून. आट्याआट्यानं झाली आसती.”

मास्तराची खोड. मी तिथल्या तिथे बेरीज केली. त्याचा वेग, अंतर, सतरा थांबे. पहाटे साडेपाचला निघून आम्ही दिवेलागणीच्या आत घरी आलो असतो. गणितात एकही चूक नव्हती. आणि फेरी झाली नसती, तरी सतरा वेळा बसायला जागा मागणाऱ्या माणसाला निदान मी विचारलं असतं, एवढं बसावं का लागतंय म्हणून. डॉक्टर वर्षभर तरी आधी भेटले असते.

“मग मला कावून दावलं न्हाईस?” माझा आवाज चढला. रागवायला मला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

त्याने कागद माझ्या हातून घेतला, जुन्या घड्यांवर नीट दुमडला.

“तू हसला आसतास बे,” तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू? हसलो असतो.