वचन मागणारे शांतवन सर

शांतवन सरांची नि माझी ओळखच मुळी वादाने झाली. राहात्याहून येऊन मी भिंगारच्या शाळेत नव्याने रुजू झाले होते. मी कॅथलिक, सर प्रॉटेस्टंट आणि मुख्याध्यापक. मधल्या सुट्टीत माझ्या हातातली मरियेची जपमाळ पाहून त्यांनी विचारले, "बाई, मरिया सदेह स्वर्गात गेली, याला शास्त्रात, म्हणजे बायबलात, वचन कुठंय?"

"वचन नाही, सर. पण आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मानत आली आहेत."

"मानणं म्हणजे आधार नव्हे."

डबे तसेच राहिले. पुढे हा वाद रोजचाच झाला. सरांची खोड अशी, की मी अडखळले तर माझी बाजू तेच मांडून देत, माझ्याहून नेटकी, आणि मग ती खोडून काढत. असा प्रतिपक्षी मिळायला भाग्य लागते.

त्यांच्या सचोटीची खरी कसोटी माझ्या लग्नाच्या बोलणीत लागली. मुलगा सरांच्याच चर्चमधला. आम्ही एकमेकांना पसंत केले होते. पण मुलाच्या आई, अक्का, अडून बसल्या. "शास्त्रात न्हाई ते आमच्या घरात न्हाई. पोरीनं माळ सोडावी, मंग लगीन." माळ सोडणे मला जमणारे नव्हते. लग्न मोडायची वेळ आली, तेव्हा निवाड्याला त्यांनी सरांनाच बोलावले. सर आपल्या बाजूचे, अशी त्यांची खात्री होती. माझा तर धीरच सुटला.

सर म्हणाले, "मरियेबद्दल बाईंचं म्हणणं मला पटत नाही. पण अक्का, लग्नात हळद लावणार ना?"

"लावणार की. हळदीबिगर लगीन हुतं व्हय?"

"मग हळदीचं वचन दाखवा. गळ्यातल्या मंगळसूत्राचंही दाखवा. सापडलं, की बाईंची माळ मी स्वतः मागून घेतो."

अक्कांनी नकळत मंगळसूत्र मुठीत धरले. मग हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिची माळ."

आपले मत तसूभर न सोडता, आपल्याच माणसांत बसून दुसऱ्याच्या श्रद्धेची राखण करणारा माणूस आपल्या नगरात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

सरांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. वाद अजून मिटलेला नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मागणे मी मरियामातेकडेच मागितले आहे. सरांना ते मुळीच पटणार नाही; पण मागू नका, असे ते कधी म्हणायचे नाहीत.